चष्म्याचा नंबर आणि खेळाचा तास

आज सुरुवात एका वर्गातून करू.

भंडारा जिल्ह्यातली कुठलीही शाळा डोळ्यांपुढे आणा. लाखांदूरकडची घ्या, मोहाडीकडची घ्या. सहावीचा वर्ग. मागच्या रांगेतला एक पोरगा फळ्यावरचं गणित शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतोय. सर चिडतात, "अरे, फळा समोर आहे ना?" पोरगा उभा राहतो आणि म्हणतो, "दिसत नाही जी." वर्ग हसतो. सरांना वाटतं, टाळाटाळ करतोय. घरी वाटतं, फार टीव्ही बघतो. मग कधीतरी तपासणी होते आणि चष्मा लागतो, मायनस दीड. पुढच्या वर्षी सव्वादोन. त्याच्या पुढच्या वर्षी तीन. आणि आई विचारते, "हा नंबर थांबत काहून नाही?"

हा काल्पनिक पोरगा आहे, पण तुमच्यापैकी निम्म्यांना तो ओळखीचा वाटला असणार. आईचा प्रश्न मात्र अगदी खरा आहे. तो विचारून माणसाला दोनशेहून जास्त वर्षं झाली. उत्तराचा एक मोठा तुकडा फार लवकर हाताशी आला होता. मग तो हरवला, जवळजवळ शंभर वर्षं कुणाला त्याची आठवण राहिली नाही, आणि आत्ता आत्ता, म्हणजे तुम्ही शाळेत असताना, तो परत सापडला. आजचा भाग त्याबद्दल.

आधी थोडं विज्ञान, दहावीत झालेलंच. निकटदृष्टिता म्हणजे जवळचं दिसतं, लांबचं धूसर. का, हे नीट सांगितलं योहानेस केप्लरनं, १६०४ साली. हो, तोच ग्रहांच्या कक्षावाला केप्लर. तेव्हा दिल्लीच्या तख्तावर अकबर होता आणि शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला अजून पंचवीस-सव्वीस वर्षं होती. केप्लरची स्वतःची नजर लहानपणी देवी आल्यामुळे अधू झाली होती. त्यानं दाखवलं की चित्र उमटतं ते डोळ्यामागच्या पडद्यावर, आणि निकटदृष्टीच्या माणसात किरण पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतात. अंतर्वक्र भिंग लावलं की ते मागे सरकतात.

किरण अलीकडे का एकत्र येतात? बहुतेक मुलांमध्ये कारण एकच असतं, डोळा लांब झालेला असतो. जन्मतः डोळा पुढून मागे साधारण १६-१७ मिलिमीटर असतो, मोठ्या माणसाचा २४ च्या आसपास. वाढताना तो बरोब्बर पडद्यावर चित्र पडेल तिथं थांबायला हवा. थांबला नाही, एक मिलिमीटर पुढे गेला, की नंबर अडीच-तीननं चढतो. आणि लांब झालेला डोळा परत आखूड होत नाही. चष्मा चित्र सुधारतो, डोळा नाही. लेसर ऑपरेशनसुद्धा डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा आकार बदलतं, मागचा ताणलेला पडदा आहे तसाच राहतो.

म्हणून "नंबर वाढला तर वाढला, जाड काच लावू" हे म्हणणं बरोबर नाही. मायनस सहाच्या पुढे गेलेल्या डोळ्यात पुढे वयात पडदा सुटणं, काचबिंदू, पडद्याचा मधला भाग झिजणं, हे सगळं जास्त होतं. त्यातलं काही चष्म्यानं भरून निघत नाही. आठव्या वर्षी चष्मा लागलेल्या मुलापुढे नंबर चढायला आठ-दहा वर्षं असतात, चौदाव्या वर्षी लागला तर निम्मी. म्हणजे चष्मा जितका उशिरा लागेल तितकं बरं, आणि लागल्यावर वाढ जितकी हळू तितकं बरं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे कामाला येतील, लक्षात ठेवा.

इथं एक आडवळण घेतो, कारण पुण्याचा माणूस मध्ये येतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्यूरेटर परशुराम कृष्ण गोडे यांना जुन्या पोथ्यांमधून रोजच्या वस्तूंचा इतिहास काढायचा नाद होता. त्यांनी भारतातल्या चष्म्यावर एक लेख लिहिला. त्यात विजयनगरचे व्यासराय स्वामी १५२० च्या सुमारास कृष्णदेवरायाच्या दरबारात चष्मा लावून वाचत होते, असा उल्लेख त्यांनी पुढे आणला. संस्कृतात शब्द 'उपनेत्र'. आपला 'चष्मा' फारसीतून आला, चश्म म्हणजे डोळा. पण हा चष्मा म्हाताऱ्या माणसाचा होता, आपण ज्याला चाळिशी म्हणतो तो, जवळचं वाचायचा. बहिर्वक्र भिंगाचा. पोरांचा मायनसवाला चष्मा ही वेगळीच गोष्ट, आणि ती आली शाळेच्या पाठोपाठ.

ते कसं, याचा पहिला चांगला पुरावा लंडनच्या जेम्स वेअर या डोळ्यांच्या सर्जननं दिला, १८१३ साली. त्यानं साधी चौकशी केली. राजाच्या पायदळ गार्ड पलटणींत दहा हजारांच्या आसपास शिपाई. त्यांच्यात लांबचं न दिसणारे किती? वीसेक वर्षांत अर्धा डझनसुद्धा नाहीत. मग ऑक्सफर्डच्या एका कॉलेजात विचारलं. १२७ जणांपैकी ३२ जण चष्मा किंवा हातात धरायची काच वापरत होते. शिपाई बहुतेक गरीब घरचे, उघड्यावर वाढलेले. कॉलेजातले पुस्तकात. वेअरनं फरक दाखवला, कारणाचा छडा लावला नाही. आणि आजच्या नजरेनं बघितलं तर त्या आकड्यांत दोन वेगवेगळी कारणं गुंतलेली आहेत. एक, कॉलेजवाले जास्त वाचत होते. दोन, शिपाई जास्त वेळ उन्हात होते. हा गुंता सुटायला पुढची दोनशे वर्षं लागली.

आता आजच्या भागाचा नायक. हेर्मान कोन. गाव ब्रेस्लाउ, तेव्हा प्रशियात, आज पोलंडमधलं व्रोत्स्वाफ. वय तिशीच्या आतलं. या माणसानं ठरवलं की शाळेतल्या पोरांचे डोळे एकेक करून तपासायचे. किती? १०,०६०. हातात संगणक नाही, आजच्यासारखं पाच सेकंदांत नंबर सांगणारं मशीन नाही. अक्षरांचा तक्ताही नवाच होता, नेदरलँड्सच्या स्नेलेननं १८६२ मध्ये काढलेला. १८६७ मध्ये कोननं निकाल छापला. खेड्यातल्या शाळांत निकटदृष्टीची मुलं १.४ टक्के. शहरातल्या प्राथमिक शाळांत ६.७. वरच्या शाळांत चढत चढत, आणि जिथून विद्यापीठात जातात त्या जिम्नॅशियममध्ये २६.२ टक्के. जितकी वरची शाळा तितके जास्त चष्मे, आणि एकाच शाळेत जितका वरचा वर्ग तितका नंबर मोठा.

कोननं निष्कर्ष काढला तो शाळेच्या खोलीबद्दल. अंधाऱ्या खोल्या, बारीक छपाई, पोरांच्या मापाची नसलेली बाकं, त्यावर वाकून तासन्‌तास लिहिणं. त्याची मागणी होती की खिडक्या मोठ्या करा. खोलीच्या जमिनीच्या मानानं काच किती हवी, याचं माप त्यानं दिलं, पाच फूट जमिनीला एक फूट काच. उजेड डाव्या हातानं यावा, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली वहीवर पडत नाही. (डावखुऱ्या पोरांचा विचार कुणी केला नाही, तेव्हाही आणि नंतरही.)

हे ओळखीचं वाटतं का? आपल्याकडे मेडिकलच्या पोरांना शालेय आरोग्याच्या धड्यात आजही शिकवतात की वर्गाचे दारं-खिडक्या मिळून जमिनीच्या निदान २५ टक्के असावेत, आणि उजेड शक्यतो डावीकडून यावा. एकोणिसाव्या शतकातला युरोपातला तो वाद जगभरच्या शाळा-बांधकामाच्या नियमांत झिरपला. जुन्या कौलारू शाळेत बसला असाल तर खिडकी कुठल्या हाताला होती ते आठवून बघा.

कोनच्या पाठोपाठ युरोपभर शाळांतले डोळे तपासायची लाटच आली. भारतात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी पहिल्यांदा झाली ती १९०९ मध्ये, बडोदा शहरात. तेव्हा गादीवर सयाजीराव गायकवाड, आपल्या मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे. तपासणीची कल्पना आली, पण नजर हा त्यातला एक छोटा रकाना राहिला.

त्याच सुमारास लंडनमध्ये एक विचित्र प्रयोग झाला. १९०८ साली कॅम्बरवेल भागात खास मोठ्या नंबरच्या मुलांसाठी वर्ग उघडला, डॉक्टर बिशप हार्मन यांच्या पुढाकारानं. पुस्तकं जवळजवळ बंद. मुलं ऐकून शिकणार, फळ्यावर ठळक मोठ्या अक्षरांत लिहिणार, हातानं वस्तू करणार. वाचनानं डोळे जातात ना, मग वाचनच काढून टाका! हेतू चांगला होता, पण विचार करा, दहा वर्षांच्या मुलाला तुम्ही सांगताय की तुझ्या डोळ्यांसाठी तू वाचू नकोस. पुढे हे वर्ग बंद पडले. मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे अजूनही घरातलं कुणीतरी म्हणतं, "पोरीला एवढं वाचायला लावू नका, चष्मा लागेल, मग पुढे लग्नाचं बघायला अडचण." शाळा की डोळे, अशी निवड पोरीवर लादायची. त्या वर्गाचाही मूळ विचार तोच होता, फक्त त्यांच्या बोलण्यात लग्न नव्हतं.

मग कोनचं काय झालं? त्याला मागे ढकललं ते रक्तानं. म्हणजे आनुवंशिकतेनं. १९०९ मध्ये लंडनचे संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन आणि त्यांच्या सहकारी एमी बॅरिंग्टन यांनी आकडेमोड करून मांडलं की नजर मुख्यतः आईबापांकडून येते, शाळेचा परिणाम किरकोळ. तो काळ सुप्रजननवाद्यांचा, पिअर्सन स्वतः त्यातले मोठे नाव. सगळंच रक्तात शोधायची घाई होती. पुढे १९६० च्या दशकात जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांनीही तेच बळकट केलं. डॉक्टरांच्या दोन-तीन पिढ्या हेच शिकल्या. बापाला चष्मा, म्हणून पोराला चष्मा. करण्यासारखं काही नाही. नंबर काढा, चष्मा द्या, पुढचा पेशंट.

आनुवंशिकता खोटी नाही. आईबाप दोघांना मायनसचा चष्मा असेल तर पोराला लागायची शक्यता खरंच वाढते. पण रक्त एका पिढीत बदलत नाही, आणि चष्मे बदलत होते. १९६९ मध्ये अलास्काच्या टोकावर, बॅरो नावाच्या वस्तीत, फ्रान्सिस यंग आणि सहकाऱ्यांनी तिथल्या मूळ रहिवासी कुटुंबांचे डोळे तपासले. चाळिशीपुढच्या शिकाऱ्यांत निकटदृष्टी जवळजवळ नव्हतीच. त्यांच्या नातवंडांत निम्म्याहून अधिकांना होती. मधल्या काळात काय आलं? शाळा, आणि घरात बसणं. रक्त तेच.

त्यानंतर प्रयोगशाळा मदतीला आली, तीही चुकून. १९७७ मध्ये टॉर्स्टन वीझल (पुढे नोबेल मिळालेले) आणि एलिओ रॅव्हिओला यांनी दाखवलं की माकडाच्या पिल्लाची पापणी शिवून स्पष्ट चित्र बंद केलं तर तो डोळा लांब होत जातो. मग कोंबडीच्या पिल्लांवर प्रयोग झाले. त्यांच्या डोळ्यांवर भिंग लावलं तर डोळा त्या भिंगाला जुळेल इतका वाढतो किंवा थांबतो. म्हणजे डोळ्याची वाढ रक्तात छापून आलेली नाही, डोळा रोज समोरचं बघून ठरवतो की अजून लांब व्हायचं का. हे कळल्यावर "करण्यासारखं काही नाही" हे वाक्य मोडलं.

आणि मग २००८. कॅथरिन रोझ, इयान मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी सहा-सात वर्षांच्या चिनी वंशाच्या मुलांचे दोन गट घेतले, एक सिडनीतला, एक सिंगापूरमधला. वंश एक. सिंगापूरमध्ये निकटदृष्टी २९.१ टक्के, सिडनीत ३.३. वाटेल की सिडनीची पोरं कमी वाचत असतील. उलट, ती आठवड्याला जास्त पुस्तकं वाचत होती! फरक होता तो बाहेर असण्याचा. सिडनीत आठवड्याला पावणेचौदा तास, सिंगापुरात तीन तास. वेअरच्या शिपायांतला गुंता इथं सुटला. फक्त वाचन मोजून भागत नव्हतं, ऊनही मोजायला हवं होतं.

ऊन म्हणजे काय? उजेड. वर्गात ट्यूबलाइट लावून ३०० ते ५०० लक्स मिळतो. बाहेर भर दिवसा लाखाच्या घरात, आणि झाडाच्या सावलीतसुद्धा वर्गाच्या कितीतरी पट. सध्याचं सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण असं, की भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन सुटतं आणि ते डोळ्याला सांगतं, बस, लांब होऊ नको. खेळणंच गरजेचं नाही. पारावर बसून गप्पा मारल्या तरी चालतं. सूर्याकडे बघायचं मात्र नाही, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात भर दुपारी पोरांना मैदानात उभंही करायचं नाही. सकाळ-संध्याकाळ आणि लिंबाची सावली पुरते.

हे सिद्ध कसं करणार? चीनमधल्या ग्वांगझूत १२ शाळा घेतल्या. निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा जादा बाहेरचा तास. तीन वर्षांनी बघितलं तर जादा तास असलेल्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना नव्यानं निकटदृष्टी झाली होती, बाकीच्यांत ३९.५. २०१५ मध्ये हे छापून आलं. चाळीस मिनिटं! तैवाननं तर २०१० पासून शाळांना रोज दोन तास बाहेरचं लक्ष्य दिलं, मधल्या सुट्टीत वर्ग रिकामे. तिथं प्राथमिक शाळांतली कमी नजरेची मुलं वर्षानुवर्षं वाढत होती. २०१२ मध्ये ४९.४ टक्के होती ती २०१५ मध्ये ४६.१ वर आली. आकडा छोटा वाटेल, पण चढता आलेख पहिल्यांदा खाली वळला होता. दिल्लीत एम्सच्या डॉक्टरांनी ९,८८४ शाळकरी मुलं तपासली, २०१५ चा अभ्यास. १३.१ टक्के निकटदृष्टी, आणि रोज दोन तासांहून जास्त बाहेर खेळणाऱ्यांत ती कमी.

आता घरी येऊ.

पुण्याच्या देसाई नेत्र रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये एक अभ्यास छापला, पुणे परिसरातली सहा ते पंधरा वयाची बारा हजारांहून जास्त मुलं. चष्म्याची गरज असून चष्मा नसलेल्यांत निकटदृष्टी शहरात ३.१६ टक्के, खेड्यात १.४५. कोनच्या खेड्यातला आकडा आठवतो? १.४. मोजायची पद्धत आणि कसोटी वेगळी, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून फार मोठं काही सांगता येणार नाही. पण शहर आणि खेडं यांतली ती पायरी दीडशे वर्षांनी तशीच दिसते, हे खरं. आपल्या अजून जवळचं सांगायचं तर नागपूरजवळच्या आठ खेड्यांत २००६ ते २००८ मध्ये सूरज आय इन्स्टिट्यूटनं तिशीपुढच्या ४,७११ माणसांचे डोळे तपासले. मायनस सहाच्या पुढचे लोक शंभरात एकाहून कमी. त्याच काळाच्या आसपास दक्षिण कोरियाच्या सोल शहरात सैन्यभरतीला आलेल्या १९ वर्षांच्या तरुणांत निकटदृष्टी ९६.५ टक्के, आणि मायनस सहापुढचे पाचात एक.

म्हणजे आपली नागपूर-भंडाऱ्याकडची खेडी सुरक्षित? इथं जरा थांबू. ती नजर कशामुळे टिकली होती याचं खरं उत्तर गोड नाही. भंडारा म्हणजे तलाव आणि धान. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतली पोरं बांधीत होती, रोवणीला पऱ्हे उचलत होती, बोडीवर गुरं धुवत होती. डोळे चांगले राहिले कारण शाळा नव्हती, किंवा चौथीत सुटली. त्या काळाकडे 'किती निरोगी होते लोक' म्हणून बघायला मी तयार नाही. बांधीतून बाहेर पडायचा रस्ता शाळेतूनच गेला, तुमच्या घरातला आणि माझ्याही.

पण मधे काय झालं ते बघा. शाळा आली ते चांगलंच. तिच्यासोबत खेळाचा तास आला होता. मग दहावीचं वर्ष आलं की तो तास गणिताला गेला. मग नववीला गेला. मग सकाळी ट्यूशन, शाळा, संध्याकाळी ट्यूशन. नीट-जेईईसाठी पोरं साकोली-तुमसरवरून साठ-सत्तर-शंभर किलोमीटरवरच्या नागपुरात खोली करून राहतात, आणि त्या खोलीला कित्येकदा खिडकी असते ती शेजारच्या भिंतीत उघडणारी. मुलींचं बाहेर खेळणं तर सातवी-आठवीतच थांबतं, कुणी नियम करत नाही, आपोआप. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनमध्ये आला. चीनच्या फेइचेंग शहरात त्या वर्षी सहा वर्षांच्या मुलांत निकटदृष्टी २१.५ टक्के दिसली, आधीच्या पाच वर्षांत ती कधी ५.७ च्या वर गेली नव्हती.

सगळा दोष मोबाइलला देणं सोपं आहे. मी देणार नाही. कोनच्या काळात मोबाइल नव्हता आणि जिम्नॅशियममध्ये २६ टक्के चष्मे होते. फोन डोळ्याच्या फार जवळ धरला जातो हे वाईटच, पण त्याहून वाईट हे की तो पोराला घरात धरून ठेवतो. पुस्तकही तेच करत होतं, फक्त पुस्तकाला कुणी शिव्या देत नव्हतं.

ठीक, पण ज्याला आधीच चष्मा लागलाय त्याचं काय? मघाच्या दोन वेगळ्या गोष्टी आठवा. बाहेरचा उजेड चष्मा लागणं लांबवतो, हे पक्कं. एकदा लागल्यावर वाढ थांबवण्यात त्याची मदत तितकी ठाम नाही. तिथं औषध आणि भिंगं येतात.

औषधाचं नाव अॅट्रोपिन. बेलाडोना या झाडातून आलेलं. आपल्याकडे रस्त्याकडेला धोतरा उगवतो ना, तो त्याच कुळातला. (धोतऱ्याचा रस डोळ्यात घालायचा विचारसुद्धा करू नका. विष आहे.) बाहुली मोठी करायला अॅट्रोपिन एकोणिसाव्या शतकापासून वापरतात, आणि निकटदृष्टीवर त्याचा प्रयोगही तेव्हाच झाला होता. पण उजेड सहन होत नाही, जवळचं दिसत नाही, म्हणून मागे पडलं. २००६ मध्ये सिंगापूरनं ४०० मुलांवर काटेकोर चाचणी केली. एक टक्का अॅट्रोपिन घातलेल्या डोळ्यांत दोन वर्षांत नंबर ०.२८ नं वाढला, बाकीच्यांत १.२० नं. पण थेंब बंद केले की वाढ उसळून परत येते. मग डोस शंभर पटीनं खाली आणला, ०.०१ टक्के. हाँगकाँगमध्ये २०१९ ला दिसलं की ०.०५ टक्के जास्त चांगलं काम करतं. भारतात एम्सच्या पुढाकारानं १०० मुलांवर ०.०१ टक्क्याची चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल आला, वाढ निम्म्याहून कमी. अमेरिकेतल्या २०२३ च्या चाचणीत मात्र याच डोसचा काही फरक दिसला नाही. म्हणजे डोस किती, कुणाला, किती वर्षं, हे अजून ठरतंय. डोळ्यांच्या डॉक्टरशिवाय हे करायचं नाही.

दुसरी वाट भिंगांची. मधोमध नेहमीचा नंबर आणि भोवती बारीक बारीक वेगळी भिंगं, असे चष्मे हाँगकाँगमध्ये तयार झाले. डोळ्याच्या कडेलाही 'थांब' असा संदेश द्यायचा, ही कल्पना कोंबडीच्या पिल्लांवरच्या त्या प्रयोगांतूनच आलेली. तशाच कॉन्टॅक्ट लेन्सही आहेत. चालतात, पण साध्या चष्म्याच्या कितीतरी पट महाग, आणि गावाकडे मिळायला कठीण.

फुकट असलेली एक गोष्ट मात्र आपण उलटी करतो. "कमी नंबरचा लावा, म्हणजे डोळ्याला सवय लागेल." माझ्या मामेबहिणीला अशी दोन वर्षं पाव नंबर कमी काच दिली होती, कुणी सांगितलं ते आता घरात कुणालाच आठवत नाही. २००२ मध्ये मलेशियात हे मुद्दाम तपासलं गेलं. कमी नंबर दिलेल्या मुलांचा नंबर हळू नाही, जरा जास्तच वेगानं वाढला. पूर्ण नंबर लावा, आणि रोज लावा.

राहता राहिला मागच्या रांगेतला पोरगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला तो आपल्या महाराष्ट्रातूनच, पालघरहून. त्याची पथकं वर्षातून एकदा शाळेत येतात आणि नजरेची तपासणी त्यांच्या यादीत आहे. तुमचा लहान भाऊ, बहीण, पुतण्या शाळेत असेल तर विचारा, पथक कधी आलं, तक्ता लावला का, एकेक डोळा झाकून वाचायला लावलं का. दोन्ही डोळ्यांनी वाचलं तर चांगला डोळा वाईट डोळ्याची चोरी लपवतो. पथक यायला वेळ असेल तर घरी करा. पोराला एक डोळा तळहातानं झाकायला सांगा आणि अंगणातून समोरच्या दुकानाची पाटी वाचायला लावा. मग दुसरा. एका डोळ्याला पाटी पुसट वाटली तर ग्रामीण रुग्णालय नाहीतर भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय गाठा.

आणि शाळा समितीच्या बैठकीला कुणी जात असाल तर वेळापत्रक मागून बघा, खेळाचा तास नुसता कागदावर आहे की मैदानावरही.

पुढच्या भागात मामा तलावांची गोष्ट, म्हणजे मालगुजारी तलाव कुणी खोदले आणि कुणी बुजवले. तोवर हे वाचत असाल तर फोन जरा लांब धरा. ऐकत असाल तर बाहेर जाऊन ऐका.